उतरत्या कठड्यावरचं ग्राइंड : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात बीएमएक्स, म्हणजे कसरतींच्या छोट्या सायकलीवर, सपाट लेजच्या (बसक्या कठड्याच्या) कडेवर करायच्या डबल पेगबद्दल लिहिलं होतं. एक्सलच्या टोकांना बसवलेल्या नळ्या म्हणजे पेग, ते कडेवर टेकवून घसरणं म्हणजे ग्राइंड, आणि पुढचा-मागचा दोन्ही पेग टेकले की डबल पेग. त्यानंतर आलेले प्रश्न बहुतेक एकाच वळणाचे आहेत : सपाटावर जमतंय, पण जिन्याच्या कडेने उतरणाऱ्या कठड्यावर हिंमत होत नाही, किंवा हिंमत केली की काहीतरी बिनसतं. म्हणून हा सगळा अंक त्याच विषयाला दिला आहे. अशा उतरत्या लेजला स्केटबोर्डवाले ‘हब्बा’ म्हणतात. सॅन फ्रान्सिस्कोतल्या हब्बा हाइडआउट या जागेवरून हे नाव पडलं आणि बीएमएक्सवाल्यांनीही ते उचललं.

प्रश्न : 40 सेंटिमीटर उंच सपाट लेजवर मला डबल पेग येतो. उतरत्या लेजला हात घालायला मी तयार आहे, हे कशावरून ओळखायचं?

‘येतो’ म्हणजे दहापैकी किती वेळा? दहापैकी नऊ वेळा दोन्ही पेग एकाच वेळी टेकत असतील, ते कडेवर बसून राहत असतील आणि उतरण्याची जागा तुम्ही स्वतः ठरवत असाल, तर तयारी झाली आहे. दहापैकी पाच-सहा वेळा जमत असेल तर अजून पंधरा दिवस सपाटावर घालवा. सपाट लेजवर चूक झाली तर सायकल मंदावते आणि तुम्ही पाय टेकता. उतारावर त्याच चुकीनंतर वेग वाढतो आणि खाली पायऱ्या असतात.

आणखी दोन गोष्टी तपासा. पहिली, बनी हॉप, म्हणजे दोन्ही चाकं उचलून घेतलेली उडी. वीस इंची चाकात एक्सलचा मध्य जमिनीपासून साधारण 26 सेंटिमीटरवर असतो आणि पेगची खालची बाजू 24 वर. म्हणजे 45 सेंटिमीटरच्या लेजवर पेग चढवायला चाकं निदान 21 सेंटिमीटर उचलावी लागतात. वर थोडी सवड हवी, म्हणून दोन्ही चाकं 35 सेंटिमीटरपर्यंत सहज उचलता आली पाहिजेत. दुसरी गोष्ट सायकल सोडून देता येणं. चार-पाच पायऱ्या नुसत्या बनी हॉपने उडून पार करता येतात का, आणि हवेत असताना बेत बदलला तर सायकल बाजूला ढकलून पायांवर उतरता येतं का, हे आधी बघा. आमच्या मते हे दुसरं जास्त महत्त्वाचं आहे, आणि त्याचा सराव कोणीच मुद्दाम करत नाही.

प्रश्न : सुरुवातीला तीन पायऱ्यांचा छोटा कठडा घ्यावा असं वाटतं. बरोबर आहे का?

वाटतं तसं नाही. नेहमीच्या जिन्यात पायरीची उंची 16 आणि रुंदी 30 सेंटिमीटरच्या आसपास असते. तीन पायऱ्यांचा उतार तिरका मोजला तर जेमतेम एक मीटर भरतो. तुमच्या पुढच्या आणि मागच्या पेगमधलं अंतरच 93 ते 95 सेंटिमीटर असतं. मागचा पेग उतारावर येईपर्यंत पुढचा पेग शेवटाला पोहोचलेला असतो, म्हणजे घसरायला जागाच उरत नाही. तुम्ही टेकता आणि लगेच पडता. शिकण्यासाठी पाच ते सहा पायऱ्यांचा कठडा धरा. त्यात दीड-दोन मीटरचा उतार मिळतो. चूक कळायला तेवढी लांबी पुरते, आणि चूक महागात पडावी इतका तो मोठाही नसतो.

लांबीनंतर उंची मोजा. पायरीच्या नाकापासून, म्हणजे तिच्या पुढच्या कडेपासून सरळ वर, कठड्याच्या माथ्यापर्यंत. पेग कडेवर असताना चाक त्या कडेच्या खाली 24 सेंटिमीटर लोंबत असतं. कठडा 28 अंशांनी उतरत असेल आणि नाकापासून त्याची उभी उंची 27 सेंटिमीटर असेल, तर उताराला काटकोनात मोजल्यावर ती 24 च्याही आत येते. मग टायर प्रत्येक पायरीच्या नाकाला ठोकत जातो. निदान 35 सेंटिमीटर उंची हवी. 35 ते 50 ही शिकायला सगळ्यांत सोयीची उंची.

मग कड हाताने चाचपा. हातमोजा काढून बोट वरून खालपर्यंत फिरवा. बोट अडलं तिथे पेग अडणारच. सिमेंटचा सांधा, उडालेला कोपरा, टाइलची वर आलेली कड हे सगळं डोळ्यांपेक्षा बोटाला आधी कळतं. कड खरखरीत असेल तर कार्बोरंडमची वीट (घासायचा खरखरीत दगड) घेऊन ती उताराच्या दिशेने घासा. कोपरा पेन्सिलीइतका गोल झाला की पुरे. कठड्यावर लोखंडी खुंट्या बसवलेल्या असतील तर जागा बदला. आणि जागा कुणाची आहे ते विचारा. लोक ये-जा करतात त्या जिन्यावर हा सराव करू नये. मेण आणि काळे डाग मागे राहतात, ते दुसऱ्याला पुसावे लागतात.

प्रश्न : सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेमकं काय करायचं, क्रमाने सांगाल का?

पेग डाव्या बाजूला आहेत आणि कठडाही डावीकडे आहे, असं धरून सांगतो. उजवीकडे असेल तर उलटं वाचा.

वेग ताशी 13 ते 15 किलोमीटर ठेवा, म्हणजे बऱ्यापैकी पळणाऱ्या माणसाइतका. कठड्याला जवळजवळ समांतर या. 10 अंशांचा कोन पुरे, 20 च्या वर नको. जास्त तिरके आलात तर चाकच कठड्यावर चढतं. क्रँक (पॅडलचे दांडे) आडवे ठेवा. कठड्याच्या बाजूचं पॅडल खाली गेलं तर तेच आधी कडेला लागतं.

वरच्या सपाट जागेवरून, पहिली पायरी साधारण एक सायकलभर अंतरावर, म्हणजे दीड मीटर असताना उडी घ्या. उडी वर आणि थोडी डावीकडे. बाजूला सरकायचं ते 15 ते 20 सेंटिमीटर, त्याहून जास्त नाही.

आता सगळ्यांत मोलाचा क्षण. उडीच्या माथ्यावर सायकल सपाट असते. तिथून हात पुढे आणि खाली लोटा, म्हणजे सायकलचं नाक उताराइतकं झुकेल. कंबर मात्र पुढे जाऊ देऊ नका. ती मागच्या पॅडलच्या जरा मागे राहू द्या, गुडघे वाकलेले. सायकल उताराला समांतर झाली की ती कठड्यावर आदळत नाही, उतरत्या कडेबरोबर चालताचालता टेकते. बरोबर टेकली तर आवाजही वेगळा येतो. दोन ठोके ऐकू न येता एकच ‘खर्र’ सुरू होतो.

पेग कुठे टेकला पाहिजे? टोकाला नाही, मुळाशी. हबगार्ड (चाकाच्या हबला वाचवणारी चकती) कठड्याच्या उभ्या बाजूला जवळजवळ चिकटलेलं असावं. पेग असा बसला की कड त्याला धरून ठेवते. वजनाचंही गणित आहे. मागच्या हबची रुंदी 110 मिलिमीटर असते, म्हणून पेग चाकाच्या मध्यापासून साडेसहा-सात सेंटिमीटरवर सुरू होतो आणि 17-18 वर संपतो. तुमचं वजन त्या पट्ट्यावर पडलं पाहिजे. सपाट रस्त्यावर बसतो तसं सायकलच्या मधोमध नाही, तर साधारण अर्धी वीत अलीकडे, कठड्याच्या बाजूला. डावा खांदा कठड्याच्या कडेवर आहे असं वाटलं की जागा बरोबर.

नजर कठड्याच्या शेवटावर. पेगकडे बघू नका. मान खाली गेली की खांदे जातात, खांद्यांमागून वजन जातं.

उतरणं आधी ठरवून ठेवा. पुढचा पेग शेवटापासून 30 सेंटिमीटरवर आला की कंबर आणखी मागे न्या, हात ताणा आणि हँडल किंचित उचला, मॅन्युअलची (पॅडल न मारता मागच्या चाकावर चालण्याची) सुरुवात करताना करतो तसं. हे केलं नाही तर पुढचा पेग कठड्यावरून सुटतो, मागचा अजून कडेवर असतो आणि पुढचं चाक नाक खाली करून जमिनीत घुसतं. त्याच वेळी कंबर आणि हँडल उजवीकडे 10-15 अंश वळवा. मागचं चाक आधी टेकलं किंवा दोन्ही एकदम टेकली तर उत्तम.

प्रश्न : पेग टेकताक्षणी सायकल जागच्या जागी थांबते आणि मी हँडलवरून पुढे फेकला जातो. मेण तर लावलेलं असतं.

मग दोष मेणात नाही. बहुधा तुमचा पुढचा पेग आधी टेकतो. उताराच्या भीतीने माणूस हँडल खाली दाबतो, पुढचा पेग कडेत रुततो आणि मागून येणारं सगळं वजन त्या एका बिंदूवर येतं. मोबाइलवर बाजूने, मंद गतीत चित्रण करा. कठड्याच्या उंचीवर मोबाइल ठेवला की दोन चौकटींतच उत्तर मिळतं. दोन्ही पेग एकत्र टेकायला हवेत. चुकायचंच असेल तर मागचा केसभर आधी टेकलेला चालतो. फार आधी टेकला तर पुढचा आपटून उसळतो, तेही नको.

पुढचा पेग आधी टेकत नसेल तर वर सांगितलेली उंची मोजा, टायर पायरीच्या नाकाला लागत असेल. पेगच्या तोंडाकडेही बघा. स्टीलचा पेग झिजून त्याला धारदार ओठ आला असेल तर तो कडेला ओरबाडतो. कानशीने तो ओठ घासून टाका.

प्रश्न : माझं उलट होतं. छान घसरतो, पण अर्ध्यावर पेग कडेवरून निसटतात आणि मी पायऱ्यांवर पडतो.

तुम्ही कठड्यापासून दूर झुकताय. पायऱ्यांची भीती वाटते म्हणून शरीर त्यांच्याकडेच बघतं आणि तिकडेच कलतं. डावं कोपर कठड्यावर आणा. तरीही निसटत असेल तर उडी बाजूला कमी पडते आहे आणि फक्त पेगचं टोक टेकतंय. पेगवरचे ओरखडे बघा : टोकाच्या दोन सेंटिमीटरमध्येच असतील तर निदान पक्कं. ओरखडे मुळाशी आणि तरी निसटत असेल, तर दोष झुकण्याचाच.

निसटलंच तर हँडलला धरून राहू नका. सायकल कठड्याकडे ढकला, पाय पायऱ्यांवर टाका आणि पळत खाली जा. मागे हात टेकून पडणं सगळ्यांत वाईट, मनगट तिथेच मोडतं.

प्रश्न : मेण किती लावायचं? मी पूर्ण कठडाभर लावतो.

सपाट लेजची सवय इथे घात करते. 28 अंशांचा उतार घ्या. घर्षणांक 0.2 धरला, म्हणजे छान मेण लावलेली कड, तर ताशी 14 किलोमीटरने टेकलेली सायकल दीड मीटर घसरल्यावर 18 वर जाते आणि साडेतीन मीटरनंतर 21-22 वर. सपाट लेजवर तेवढ्याच मेणाने ती दीड मीटरमध्ये 11-12 वर आली असती. उलट घर्षणांक 0.5 असेल तर या उतारावर वेग वाढतही नाही आणि घटतही नाही, सायकल आल्या वेगाने उतरते. शिकणाऱ्याला हेच हवं असतं.

म्हणून टेकण्याच्या जागेवर मेण लावा, बाकी कठडा कोरडा किंवा जवळजवळ कोरडा ठेवा. मात्र टेकण्याच्या जागा दोन असतात, पुढच्या पेगची आणि मागच्या पेगची, एकमेकींपासून 95 सेंटिमीटरवर. प्रत्येक ठिकाणी हातभर लांब मेण पुरे. साधी पॅराफिनची मेणबत्ती चालते. कडेवर आणि कडेच्या वरच्या दोन-तीन सेंटिमीटरवर घासा, माथ्याच्या मधोमध नको. तिथे चाक टेकवायची वेळ आली तर ते बाजूला सटकतं. पायऱ्यांवर मेणाचा कण पडला तरी झाडून काढा, सायकल सोडून पळताना पाय तिथेच पडणार आहे. आणि प्लास्टिकचे पेग असतील तर बऱ्याच गुळगुळीत कठड्यांवर पहिल्या दिवशी मेणाशिवाय करून बघा.

प्रश्न : स्टीलचे पेग की प्लास्टिकचे?

सिमेंट, दगड आणि टाइलसाठी प्लास्टिकचे. ते शांतपणे सरकतात, कड कमी खरवडतात आणि अडकण्याची शक्यता कमी करतात. आत धातूची नळी आणि वर नायलॉनची किंवा तत्सम जाड प्लास्टिकची बाही असते. एक बाजू झिजली की बाही फिरवून घ्या, नळी दिसायला लागली की बदला. फार खरखरीत सिमेंटवर बाही भराभर संपते. तिथे क्रोमोली स्टीलचा पेग टिकतो, पण मेण जास्त लागतं. स्टीलचा पेग एका बाजूने चपटा झाला की नट सैल करून पाव फेरी फिरवा.

लांबी 100 ते 115 मिलिमीटर असावी. आखूड पेग घेऊन शिकू नका.

बसवताना सगळ्यांचं दुर्लक्ष होतं ते घट्टपणाकडे. मागचा एक्सल 14 मिलिमीटरचा, त्याच्या नटला 17 चा सॉकेट लागतो. पुढचा बहुधा 10 चा, त्याला 15 चा. पुढे पेगबरोबर येणारी 10 मिलिमीटरची बाही घालायला विसरू नका, नाहीतर पेग एक्सलवर डुगडुगतो. सॉकेटला लांब एक्स्टेन्शन आणि लांब दांड्याचा रॅचेट हवा, पेगच्या आत साधा पाना पोहोचतच नाही. फिरू नये म्हणून पेगला खिळी असेल तर ती फोर्कच्या भोकात बसली आहे ना, ते बघा. पहिल्या पाच-सहा ग्राइंडनंतर नट पुन्हा आवळा. मागचा सैल पडला तर चाक सरकतं आणि चेन लोंबते. चेन मधोमध दाबल्यावर सेंटिमीटरभर हलली तर ठीक, त्याहून जास्त हलली तर चाक मागे ओढून पुन्हा आवळा.

प्रश्न : माझी चेन उजवीकडे आहे आणि मला उजव्या बाजूनेच ग्राइंड सोयीचं वाटतं. काय करू?

सोयीची बाजू सोडू नका. चेनच्या बाजूला जाड हबगार्ड बसवा, आरे आणि चेन दोन्ही वाचतात. समोरची चकती 25 दात्यांची किंवा लहान असली तर कठड्याला कमी लागते, आणि गार्ड असलेली चकती मिळत असेल तर ती घ्या. पुढेमागे हब बदलायची वेळ आलीच तर चेन डावीकडे नेता येईल असा हब आणि क्रँक घ्या. तोवर गार्ड पुरेसं आहे.

प्रश्न : फीबल आणि स्मिथ उतरत्या लेजवर सोपे जातात की अवघड?

फीबलमध्ये मागचा पेग कडेवर आणि पुढचं चाक कठड्याच्या माथ्यावर असतं. स्मिथमध्ये पुढचा पेग कडेवर आणि मागचं चाक माथ्यावर. उतारावर फीबल आधी शिका. पुढचं चाक फिरत राहतं, त्यामुळे पुढे अडकण्याची भीती नाही आणि वजन आपसूक मागे राहतं. अट एकच, कठड्याचा माथा निदान 25-30 सेंटिमीटर रुंद असावा आणि त्यावर मेण नसावं. स्मिथमध्ये सगळं वजन पुढच्या पेगवर, तेही उताराच्या दिशेने. डबल पेग अंगात भिनेपर्यंत त्याला हात लावू नका.

प्रश्न : आमच्या इथल्या कठड्याला खाली वाकण आहे, उतार संपून मीटरभर सपाट होतो. तिथे दर वेळी झटका बसतो.

पुढचा पेग त्या वाकणात टेकतो तेव्हा सायकल अचानक मंदावते, पण तुम्ही मंदावत नाही. वाकणाच्या अर्धा मीटर आधी हात ताणून कंबर मागे न्या, पुढचा पेग सपाटावर गेला की गुडघे वाकवून मागच्याला वर येऊ द्या. वाकणावर मेण मात्र भरपूर लावा, कोरडं ठेवण्याचा वरचा सल्ला तिथे लागू नाही. खरं सांगायचं तर पहिला उतरता कठडा म्हणून ही जागा निवडू नका.

प्रश्न : माझी मुलगी 14 वर्षांची आहे. ती हे शिकतेय. मी तिला काय घेऊन देऊ, आणि ऑलिंपिकमध्ये यालाच स्थान आहे का?

डोक्याचा मागचा भागही झाकणारं, टणक कवचाचं हेल्मेट. पट्टा आवळल्यावर हनुवटीखाली दोनच बोटं मावली पाहिजेत. जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदलायचं. त्यानंतर नडगी आणि घोट्यांचे गार्ड, कारण सुटलेला पेग आणि पॅडल नेमके तिथेच लागतात. मग गुडघ्यांचे गार्ड आणि बोटं झाकणारे हातमोजे. सपाट, चिवट तळव्याचे बूट. टायर 2.3 किंवा 2.4 इंची, हवा 60 ते 70 पीएसआय, टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आत. ती सराव करताना खाली एक माणूस उभा असू द्या, पायऱ्यांवरून कुणी येत नाही ना हे बघायला.

ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल बीएमएक्स टोकियो 2020 पासून आहे, ती स्पर्धा प्रत्यक्षात 2021 मध्ये झाली. पण तिथे पार्क हा प्रकार असतो, रॅम्पवरच्या उड्यांचा. कठडे आणि रेलिंगवरचं स्ट्रीट त्यात नाही.